रिकाम्या पुंगळ्या

गेल्या महिन्यांत, एकादशीच्या आदल्या दिवशीं, आमच्या मातोश्री भगर ठेवण्यासाठीं एखादा झांकणाचा डबा शोधीत होत्या. फडताळाच्या वरच्या फळीवर, जुन्या पंचांगांच्या मागें, त्यांस श्रीखंडाचा एक डबा सांपडला. तो हलवितांच आंत कांहीं खुळखुळलें. झांकण काढून पाहतात तों आंत पितळेच्या शेंदीडशें बारीक नळ्या! करंगळीच्या नखाहून अरुंद, एका तोंडाशीं उघड्या, दुसऱ्या तोंडाशीं बंद, आणि बंद तोंडाच्या कांठावर प्रत्येकीला एक लहानसा खोंचा पडलेला. पडद्याच्या दांडीचे कांहीं सुटे भाग असावेत अशी मातोश्रींची समजूत झाली.

“आजी, त्या पुंगळ्या आहेत. माझ्या रायफलीच्या,” असें आमची पुतणी शांतपणें म्हणाली, आणि ज्या घरांत विळी धार लावण्यास दिली तरी ती परत येईपर्यंत कोणास चैन पडत नाहीं, त्या घरांत क्षणभर कोणी कांहीं बोललें नाहीं.

ही पुतणी महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षांत आहे. नेमबाजीचा तिला नाद लागला तो दहा मीटरांवरील हवेच्या रायफलीनें. गेल्या वर्षापासून ती पन्नास मीटरांच्या रायफलीचा अभ्यास करते, आणि त्यासाठीं आमच्या पुंडलिकनगराहून क्लबाच्या मंडळींबरोबर पुण्यास, बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत, अधूनमधून जाते. तिचें काडतूस परदेशाहून येतें. एका दिवसाच्या सरावांत शेंसव्वाशें काडतुसें सहज संपतात, आणि घराचें टिपण आमच्या हातांत असल्यामुळें त्याचा अर्थ काय होतो हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे. मुलगीही समजूतदार, तिला तो खर्च आमच्याहून अधिक टोचतो. दिवाळींत तिचा चुलतभाऊ, म्हणजे आमचे थोरल्या बंधूंचे चिरंजीव, अमेरिकेहून आले होते. फराळाच्या वेळीं त्यांनीं सहज सांगितलें कीं, तिकडे आपण आपल्या रायफलीच्या पुंगळ्या फेंकून देत नाहीं. घरींच पुन्हां भरतों, आणि एकेक पुंगळी पांचसात वेळां वापरतों. तें वाक्य हिनें मनांत धरलें, डबा भरण्यास आरंभ केला, आणि पुढच्या खेपेस येतांना सामानांत लहानसें दाबयंत्र घेऊन ये असें दादास परस्पर कळवूनही टाकलें!

त्या यंत्राचें नांव निघालें तेव्हां मात्र आम्ही जागे झालों. पुतण्यास फोन लावला, दोनचार जाणत्या नेमबाजांस विचारलें, कायद्याचें पुस्तक काढलें. जें हातीं आलें तें येथें मांडतों. कारण ज्यांची मुलें परदेशीं आहेत आणि ज्यांच्या मुली नेमबाजी शिकत आहेत अशीं घरें आमच्या वाचकवर्गांत आतां थोडीं नाहींत.

आपलें काडतूस आपण भरणें ही कल्पना तशी नवी मुळींच नव्हे. ठासणीच्या बंदुकीचा प्रत्येक धनी हेंच करीत असे. शिंगांतून दारू ओतावी, चिंधी घालावी, गोळी सोडावी, गजानें ठासावें, कानावर टोपी बसवावी, आणि मग नेम धरावा. येथून पांच-सहा कोसांवर देवगिरीच्या किल्ल्यावर जी मेंढा तोफ आहे तिचाही विधि प्रमाण वाढवून हाच. धातूच्या काडतुसानें एवढेंच केलें कीं, या चारही वस्तु एका पुंगळींत कायमच्या एकत्र आणल्या: बुडाशीं टोपी, पोटांत दारू, तोंडाशीं गोळी, आणि सर्वांस धरून ठेवणारी पितळेची पुंगळी. घोडा टोपीवर आपटतो, टोपींतील ठिणगी दारूस लागते, दारूचा वायु होतो, वायु गोळीस लोटतो. या क्षणीं पितळ फुगून नळीच्या भिंतीस घट्ट चिकटतें आणि वायूस मागें येऊं देत नाहीं. दाब ओसरतांच तें किंचित् आकसतें, म्हणूनच पुंगळी बाहेर ओढतां येते. टोपी, दारू आणि गोळी खर्ची पडतात, पुंगळी उरते, आणि चौघांत सर्वांत महाग तीच. पुन्हां भरण्याचा सारा उद्योग या एका गोष्टीवर उभा आहे.

आमच्या पुतण्यानें आपल्या गाडीखान्यांतील मेज आम्हांस फोनवर फिरवून दाखविलें. हा गृहस्थ शिकार करीत नाहीं. कागदाच्या लक्ष्यावरच त्याचें समाधान होतें, हें मातोश्रींस आम्ही आधीं सांगून ठेवलें होतें. मेजास एक दाबयंत्र घट्ट बसविलेलें, शेजारीं तराजू, एक सरकमाप आणि एक वही. वापरलेली पुंगळी फुगलेली असते. ती पोलादी सांच्यांत दाबून मूळ आकारास आणावयाची, त्याच दाबांत जुनी टोपी निघून जाते. दर वेळीं पितळ थोडें लांबतें, म्हणून लांबी मोजून वाढलेली कड कापावयाची. मग नवी टोपी, मग तोलून घेतलेली दारू, आणि शेवटीं गोळी ठराविक खोलीपर्यंत बसवावयाची. ऐकतांना हें पापड लाटण्याइतकें सोपें वाटतें. पण एकेका पुंगळीवर जितका वेळ जातो तो पाहून आमच्या वहिनी म्हणाल्या, “एवढ्या निगुतीनें यानें कधीं स्वतःची चादर घडी केली नाहीं!”

तोलाचा विषय निघाला म्हणून सांगतों. या कामांत सारीं वजनें ग्रेनांत चालतात, आणि ग्रेन आपल्या जुन्या सराफी वजनांस परका नाहीं. एक तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन; म्हणून एक ग्रेन म्हणजे गुंजेच्या अर्ध्याहून किंचित् अधिक. राणीछाप रुपया एक तोळ्याचा. जुन्या .३०३ रायफलीची लष्करी गोळी १७४ ग्रेनांची, म्हणजे त्या रुपयाहून अवघ्या तीन गुंजांनीं हलकी. आमच्या पुतणीची .२२ ची गोळी ४० ग्रेनांची, म्हणजे दोन मासे पांच गुंजा. आणि पुतण्याचा तराजू ग्रेनाचाही दशांश दाखवितो. सराफाच्या दुकानांत ज्या फरकाबद्दल कोणी हुज्जत घालणार नाहीं, तो फरक येथें वहींत लिहिला जातो.

इतक्या काटेकोरपणाचें कारण दारूच्या स्वभावांत आहे. हल्लींची दारू म्हणजे दिवाळींतल्या फटाक्यांची काळी दारू नव्हे. १८८४ सालीं फ्रान्समध्यें पॉल व्हिएय या रसायनशास्त्रज्ञानें बिनधुराची दारू सिद्ध केली, तेव्हांपासून रायफलींत तिचाच अंमल आहे. तिच्या अनेक जाति आहेत. कांहीं पिस्तुलासाठीं झटकन् जळणाऱ्या, कांहीं मोठ्या रायफलीसाठीं सावकाश जळणाऱ्या. आणि दिसावयास मात्र त्या सख्ख्या बहिणींसारख्या. सावकाश जळणारीच्या जागीं चुकून झटकन् जळणारी पडली तर जो दाब गोळीनें नळीभर प्रवास करीत सोसावयाचा तो एका क्षणांत पुंगळीच्या बुडाशीं कोंडतो, आणि फुटते ती रायफल. गाल तिला लावलेला असतो आपला. म्हणून पुतण्याचा पहिला नियम असा कीं, मेजावर एका वेळीं दारूचा एकच डबा. ती मूळ डब्यांतून दुसऱ्या बरणींत काढून ठेवावयाची नाहीं. आपल्या स्वयंपाकघरांत साखर आणि मीठ सारख्याच बरण्यांत ठेवण्याची जी खोड असते ती येथें प्राणावर बेतते.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. दारू आणि गोळी करणारे कारखाने प्रत्येक काडतुसाचें प्रमाण दाब मोजून ठरवितात आणि पुस्तकरूपानें छापतात. नवशिक्यानें त्यांतील खालच्या आंकड्यापासून आरंभ करावयाचा आणि लहान पायऱ्यांनीं, टोपी व पुंगळी तपाशीत, वर जावयाचें. मित्रानें सांगितलेलें किंवा कोठेंतरी वाचलेलें प्रमाण वापरावयाचें नाहीं. पुतण्यानें पहिलें वर्ष क्लबांतील एका वृद्ध गृहस्थाच्या शेजारीं बसून काढलें; एकट्यानें एकही काडतूस भरलें नाहीं. तो गृहस्थ सांगे कीं, मध्येंच कोणी हांक मारली तर हातांतली पुंगळी रिकामी करून पहिल्यापासून धर. कारण दारू घातली कीं नाहीं याची आठवण फसवी असते. दोनदां घातली तर काय होईल तें उघड आहे. पण मुळींच घातली नाहीं तर? नुसती टोपीच उडते, गोळी नळींत अर्ध्यावर अडकून बसते, आवाज बारीक येतो, आणि नवखा मनुष्य ‘कांहीं झालें नाहीं’ असें समजून दुसरी गोळी झाडतो. नळी फुटते ती तेव्हां. म्हणून गोळ्या बसविण्यापूर्वीं भरलेल्या साऱ्या पुंगळ्या लाकडाच्या ठोकळ्यांत उभ्या करून दिव्यानें प्रत्येकीच्या पोटांत डोकावून पाहण्याचा नेम आहे. बुडाजवळ पितळ झिजून तडकूं लागलें आहे काय हें पाहण्यासाठीं टोंक वांकविलेली तार आंतून फिरवितात. खांच लागली कीं पुंगळी मोडींत. डोळ्यांस चष्मा, खोलींत विडीकाडी नाहीं, दूरदर्शन बंद, मुलांस प्रवेश नाहीं; आणि शिशाचा संबंध असल्यामुळें हात धुतल्यावांचून पाण्याच्या भांड्यासही शिवावयाचें नाहीं. सोंवळ्याचे इतके नियम तो आमच्या घरीं असतांना पाळता तर मातोश्री धन्य झाल्या असत्या.

आणि बचत? या प्रश्नावर तो हंसला. यंत्र, सांचे, तराजू यांचा खर्च निघेपर्यंत बरींच वर्षें जातात, आणि पुढें जें वाचतें तें अधिक गोळ्या झाडण्यांत जातें. खरा लाभ नेमाचा. कारखाना साऱ्या जगाच्या रायफलींसाठीं एक काडतूस करतो. हा आपल्या एका रायफलीस मानवेल तसें करतो.

आतां आमच्या पुतणीकडे वळूं. तिची आशा दोन ठिकाणीं अडखळते, आणि पहिली अडचण कायद्याची नसून खुद्द पुंगळीची आहे. पुतण्याच्या काडतुसांत टोपी ही बुडाच्या मध्यभागीं बसविलेली वेगळी वाटी असते. टोपी बसविण्याच्या दोन रीति १८६६ च्या सुमारास निघाल्या. एडवर्ड बॉक्सर या इंग्रजाच्या रीतींत पुंगळीच्या बुडास मधोमध एकच छिद्र असतें, म्हणून एका सुईनें जुनी टोपी आंतून ढकलून काढतां येते. हायरम बर्डन या अमेरिकनाच्या रीतींत छिद्रें दोन, तीं बाजूस, आणि मध्यें पितळेचाच उंचवटा. तेथें सुई चालत नाहीं. गंमत अशी कीं, इंग्रजांनीं आपल्या .३०३ साठीं अमेरिकनाची रीत उचलली आणि अमेरिकनांनीं इंग्रजाची! अमेरिकेंत घरोघर पुंगळ्या भरल्या जातात त्यास या उलटापालटीचाही हातभार आहे.

पण .२२ च्या काडतुसांत यांपैकीं कोणतीच टोपी नसते. टोपींतला तो ज्वालाग्राही लेप पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कांठांतच, आंतून, ओला असतांना गरगर फिरवून बसविलेला असतो. घोड्याची सुई कांठावर आपटून तो कांठ चेंगरते. मातोश्रींस दिसलेला खोंचा तो हाच. चेंगरलेला कांठ पूर्ववत् करून त्यांत नवा लेप भरणें हें काम घरच्या मेजावर नीट आणि निर्धोकपणें होणारें नव्हे. तो लेप म्हणजे धक्क्यानें उडणारें द्रव्य. त्याच्याशीं खेळणाऱ्याचीं बोटें शाबूत राहतीलच असें नाहीं. म्हणजे श्रीखंडाच्या डब्यांतला तो सारा संग्रह भरण्याच्या दृष्टीनें व्यर्थच होता. हें ऐकून पोरीचा चेहरा उतरला, आणि आम्हांस वाईट वाटलें. कारण तिच्या मनांत लोभ नव्हता, घराची काळजी होती.

दुसरी अडचण कायद्याची, आणि ती थोरांच्याही लक्षांत नसते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचें दुसरें कलम पाहावें. दारूगोळा या शब्दाच्या व्याख्येंत भरलेल्या काडतुसांबरोबर त्यांचे सुटे भाग येतात, आणि तीं तयार करण्याचीं यंत्रेंही येतात. पांचव्या कलमानें परवान्यावांचून दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे. दहाव्या कलमानें तो परवान्यावांचून परदेशांतून आणण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पांचव्या कलमाच्या भंगास निदान सात वर्षें आणि अधिकांत अधिक जन्मठेप अशी शिक्षा आहे. अमेरिकेंत स्वतःपुरतें भरण्यास मध्यवर्ती सरकारचा परवाना लागत नाहीं, विकण्यासाठीं भरल्यास लागतो. म्हणून पुतण्यास यांत कांहीं वावगें आहे असें स्वप्नांतही वाटलें नव्हतें. प्रेमानें बहिणीसाठीं आणलेलें तें यंत्र विमानतळावर सामानांतून निघालें असतें तर पुढें काय झालें असतें, याचा विचार करून थोरले बंधु दोन रात्री नीट झोंपले नाहींत. किरकोळ सुट्या भागांस पंचेचाळिसाव्या कलमांत सूट आहे खरी. पण ती, ते भाग पूरक भागांशीं जोडून वापरण्याचा हेतु नसेल तर. आणि आमच्या पुतणीचा हेतु तर तिनें स्वतःच साऱ्या घरासमोर सांगितला होता! दुसऱ्याच दिवशीं तिचे वडील तिला घेऊन क्लबांत गेले आणि डबा शिक्षकांच्या स्वाधीन करून आले.

१८७८ च्या ब्रिटिश शस्त्रकायद्याविरुद्ध आपल्या वडील पिढ्यांनीं केलेली तक्रार आम्हांस ठाऊक आहे, आणि ती रास्त होती. पण काडतूस भरण्याचें काम काय प्रतीचें आहे तेंही पाहावें. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून चालू आहे, भुसावळजवळ वरणगांवचा १९६४ पासून. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव, जाड भिंती, कडक शिस्त. तरीही २४ जानेवारी २०२५ रोजीं भंडाऱ्याजवळच्या आयुधनिर्माणींत स्फोट झाला आणि कामगारांचे प्राण गेले. जेथें हाच व्यवसाय आहे तेथें असें होऊं शकतें. जिन्याखालच्या खोलींत काय होईल?

मग .२२ चे थोर नेमबाज आपल्या रायफलीस मानवणारें काडतूस मिळवितात तरी कसें? भरून नव्हे, निवडून. एकाच कारखान्याच्या एकाच नांवाच्या काडतुसांतही प्रत्येक घाणा वेगळा. त्याचा क्रमांक डब्यावर छापलेला असतो. इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें ईलीच्या कारखान्यांत, जर्मनींत शोनेबेक येथें लापुआच्या कारखान्यांत, नेमबाजाची रायफल पकडींत बसवून एकामागून एक घाणे झाडून पाहतात, आणि ज्याच्या गोळ्या कागदावर सर्वांत जवळ जवळ पडतील तो घाणा तो नेमबाज विकत घेतो. पन्नास मीटरांवर दहा गुणांचें वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचें. २०१० सालीं म्युनिक येथें जगज्जेतेपद मिळविणाऱ्या कोल्हापुरच्या तेजस्विनी सावंत, किंवा १ ऑगस्ट २०२४ रोजीं शातोरू येथें ४५१.४ गुण मिळवून ऑलिंपिकचें कांस्यपदक घेणारे कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे, यांचा खेळ हाच, .२२ चाच. त्यांच्या पदकामागें घरीं भरलेलें एकही काडतूस नाहीं.

आमच्या पुतणीस कारखान्यापर्यंत जाणें शक्य नाहीं. पण तिच्या शिक्षकांनीं एक सोपी वाट दाखविली. क्लबाकडे आलेल्या दोनतीन घाण्यांचे थोडे थोडे डबे टेकूवरून झाडून पाहावे, कोणत्या दिवशीं, कशा वाऱ्यांत, कोणता क्रमांक, हें लिहावें, आणि जो बरा ठरेल तोच पुढील स्पर्धेपर्यंत धरून ठेवावा. तिनें वही घातली आहे. शिवाय पन्नास मीटरांचा सराव थोडा कमी करून दहा मीटरांचा वाढविला आहे. हवेच्या रायफलीस दारूच लागत नाहीं, आणि छर्रे काडतुसांच्या मानानें पुष्कळ स्वस्त. दहा मीटरांच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तेव्हां स्वस्त म्हणून तो खेळ सोपा आहे असें मात्र कोणी समजूं नये. या सर्वांचा हिशेब मांडून पाहतां महिन्याचा खर्च आमच्या टिपणांत बसतो. मावळंकर स्पर्धेसाठीं तिनें तयारी करावी असा शिक्षकांचा आग्रह आहे. १९५१ सालीं भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली तेव्हां तिचे पहिले अध्यक्ष, पुढें लोकसभेचे सभापति झालेले, गणेश वासुदेव मावळंकर होते. दादासाहेबांसारखा वकिलीपेशाचा, सात्त्विक वृत्तीचा गृहस्थ त्या संघटनेचा आद्य अध्यक्ष होता, हें सांगितल्यावर मातोश्रींचा विरोध बराच निवळला.

आणि निवडण्याच्या कामांत तर त्याच आतां पुढें आहेत. छर्ऱ्याचा आकार डमरूसारखा. पुढें डोकें, मध्यें कंबर, मागें पातळ घेर. वजन सवाचार गुंजांच्या आसपास. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० कीं ४.५१ मिलिमीटर हें डब्यावर छापलेलें असतें. पण प्रवासांत कित्येकांचा घेर चेपतो, आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाहीं. रविवारीं दुपारीं पुतणी एका जुन्या ताटांत पांचशें छर्रे पसरून बसते. तें ताट आतां निराळें ठेवलें आहे, स्वयंपाकघरांत परत गेलेलें नाहीं, आणि काम आटोपल्यावर साबणानें हात धुतल्यावांचून कोणी उठत नाहीं. मातोश्री शेजारीं पाट घेऊन बसतात. साठ वर्षें तांदूळ निवडलेली नजर! त्या हात लावीत नाहींत, नुसतें बोट दाखवून सांगतात, “हा ग, हा वांकडा.” गेल्या रविवारीं सतरा वांकडे निघाले. अठरावा नातीच्या नजरेंतून सुटला असें त्यांचें म्हणणें आहे, आणि तो वाद अद्याप मिटलेला नाहीं.